बायकांच्या बाजूचा स्क्रीन

ग्रामसभेच्या दिवशी सकाळीच कमलबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"अप्पा, तुमचा एक टीव्ही द्या."

"टीव्ही नाही तो. मॉनिटर."

"असंना का. तुमी दोन-दोन लावून वाचत बसता. त्यातला एक आज आमाला लागतोय."

शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून माझी नजर अधू होत चालली आहे. एका स्क्रीनवर पुस्तक आणि दुसऱ्यावर शब्दकोश, अशी सोय मी साध्याच लॅपटॉपला जोडून केली आहे. हे गावाला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं.

कमलबाईचं म्हणणं सरळ होतं. आमच्याकडे नळाला पाणी सुटतं ते उन्हं वर आल्यावर, तेव्हा बायका खुरपायला रानात गेलेल्या असतात. मागच्या सभेत सगळ्यांनी हात वर करून ठरवलं होतं, की बायका कामाला जायच्या आधी पाणी सोडायचं. लिहून मात्र आलं, 'विचार करण्यात यावा.' तो विचार अजून चालूच होता. ग्रामसेवक ठराव लॅपटॉपवर टाइप करत आणि मंचावरच्या मंडळींना दिसावं म्हणून एक टीव्ही जोडत. बायकांच्या बाजूला त्या टीव्हीची पाठ असे.

"या खेपेला लिहिताना बघायचं," कमलबाई म्हणाली. "तुमी बी चला."

"मला सभेत बोलता येत नाही."

"बोलू नका. वायर लावा."

सभेत ग्रामसेवकांनी मॉनिटर पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात.

"बाई, ह्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. इंटिग्रेटेड आहे, म्हणजे आतलंच. टीव्ही लावलाय, तेवढंच त्याला झेपतं. आणखी एक लावला अन् बंद पडला, तर सभा तहकूब करावी लागेल."

तहकूब म्हटल्याबरोबर सरपंच बलभीमनं जोरात मान डोलावली.

"वेगळी चूल न्हाय म्हणून दुसरी भाकर थापता येत न्हाय व्हय?" कमलबाईनं विचारलं. बायका हसल्या. "अप्पांना विचारा. त्यांनी वाचलंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या लॅपटॉपचं ग्राफिक्सही आतलंच आहे आणि तो दोन मॉनिटर चालवतो, एवढं मला माहीत होतं. पण भाऊसाहेबांचा वेगळ्या बनावटीचा. काही लॅपटॉपचं ते बारकं चपटं पोर्ट चित्र पाठवतं, काहींचं नुसतं चार्जिंगपुरतं असतं.

"लागू शकेल," मी म्हणालो. "किंवा नाहीही लागणार."

"बघा, त्यांनाच खात्री नाही!"

"नोडरी, बघा की अप्पा," मागून शरणम्मा म्हणाली. तिचं माहेर कर्नाटकातलं, घाईत असली की तिच्या तोंडी कानडीच येतं. "लावून बघायला काय जातंय?"

मी अडॅप्टर त्या चपट्या पोर्टात घातला. मॉनिटर बायकांकडे तोंड करून स्टुलावर ठेवला. तो बराच वेळ काळाच राहिला. मग एकदम उजळला आणि त्यावर एक हिरवागार धबधबा दिसला. टाळ्या पडल्या.

"लागला. आता बसा," म्हणत भाऊसाहेब एकामागून एक ठराव टाइप करू लागले. मंचावरची मंडळी टीव्हीकडे बघून माना डोलवत होती. आमच्याकडे धबधबा तसाच.

"आमी पानी मागितलं," शरणम्मा ओरडली, "यांनी धबधबा दिला! बेडा, नको आमाला. ठराव दावा."

"स्क्रीन मागितला, स्क्रीन दिला. आतलं ग्राफिक्स असलं की असंच होतं."

त्यांना खरंच तसं वाटत असावं. पण तसं नव्हतं. लॅपटॉपनं आमचा स्क्रीन म्हणजे वाढीव, मोकळं अंगण धरलं होतं. दोन्हीकडे एकच दिसायला दोन बटणं दाबायची होती. मला ती माहीत होती आणि मी चष्मा पुसत बसलो होतो.

"चला, पुढचा विषय," बलभीम म्हणाला.

कमलबाई उठली. मंचावर चढली आणि टीव्हीच्या पुढ्यात पाठ टेकून उभी राहिली.

"आमाला दिसत न्हाय, तर तुमाला बी न्हाय."

"बाई, बाजूला व्हा!"

"ठराव दिसल्याबिगर विषय सरकणार न्हाय."

तिच्यामागोमाग आणखी बायका उठल्या. कोणीच बसेना. तेव्हा मी बोललो, पण आवाज इतका बारीक निघाला की शेजारच्या निकितालाच, कमलबाईच्या सुनेलाच, काय तो ऐकू गेला. ती खणखणीत ओरडली, "अप्पा म्हणायलेत, विंडोजचं बटण अन् पी दाबा! मग डुप्लिकेट निवडा!"

भाऊसाहेबांनी दाबलं. तिन्ही पडदे काळे झाले.

"गेलं! म्हणलो होतो ना!"

त्या क्षणी मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मग अक्षरं आली. थोडी पुसट, थोडी ताणलेली, पण दोन्हीकडे सारखीच. निकिता मोठ्यानं वाचू लागली, "महिलांच्या मागणीनुसार पाणी लवकर सोडण्याबाबत विचार..."

"पुसा!" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी सरपंचाकडे पाहिलं. सरपंचानं छताकडे पाहिलं. मग 'विचार' एकेका अक्षरानं मागं जात नाहीसा झाला. त्या जागी जे उमटत गेलं, ते बायकांनी अक्षराला अक्षर जोडत वाचलं. "महिला कामाला जाण्यापूर्वी पाणी सोडण्यात यावे. ठराव सर्वानुमते मंजूर." 'सर्वानुमते'ला म्हाताऱ्यांची जीभ अडखळली. त्यांनी तो शब्द पुन्हा वाचला.

"झालं ना समाधान?" बलभीम म्हणाला. "अप्पा, काढा आता ती वायर."

सांगितलेलं ऐकायची माझी जन्माची सवय. माझा हात वायरीकडे गेलाही.

"हात लावू नका, अप्पा," कमलबाई म्हणाली. मी हात मागं घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो.

ती भाऊसाहेबांकडे वळली. "वर सरकवा. धबधबा बघत बसलो तवर काय काय मंजूर झालं, ते बी वाचू द्या."

"अहो, जेवणाची वेळ झाली!"

"तुमी जाऊन या. लॅपटॉप ऱ्हाऊ द्या."

बायका पदर सावरून ऐसपैस खाली बसल्या. भाऊसाहेब उठले नाहीत. पान हळूहळू वर सरकू लागलं.