तीन म्हणण्याचा अधिकार

कवायत मास्तरांच्या घरातला दिवस सुरू होई तो उचलण्याने. पत्नीचे डावे अंग पक्षाघाताने निकामी झाल्यापासून तिला पलंगावरून खिडकीजवळच्या खुर्चीत नेणे हे त्यांचे नित्यकर्म झाले होते, आणि अनुष्ठानाला बसावे तशा शुचितेने ते त्याला सामोरे जात. आधी हात धुवायचे. सपाता काढून पावले फरशीवर घट्ट रोवायची. गुडघे वाकवून तिचा उजवा हात आपल्या मानेभोवती घ्यायचा. मग ते धीरगंभीर स्वरात म्हणत, "एक." किंचित थांबून, "दोन."

'तीन' ते कधीच म्हणत नसत. तो अधिकार तिचा होता. तिने तीन म्हटले की उचलायचे, तोवर नाही.

कधीकधी ती मुद्दाम वेळ लावी.

"म्हण की गं. काय झालं?"

"थांबा हो. तुमचं टक्कल एवढ्या जवळून बघायला मिळतं ते आत्ताच. केवढं चकाकतंय!"

"अगं, पाठ मोडेल माझी."

"मोडू द्या. मग दोघं आडवे पडून राहू. हं... तीन!"

आणि ती खुर्चीत विराजमान होई. खालच्या रस्त्यावरून शाळेत जाणारी मुले पाहत बसणे, एवढेच आता तिचे विश्व उरले होते. पण त्या विश्वाची ती सम्राज्ञी होती.

पाठीचे नुसते निमित्त असे. खरे दुखणे होते गुडघ्यांत. ज्या गुडघ्यांनी शाळेच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पावलाला पाऊल मिळवायला शिकवले, तेच आता जिना उतरताना वाळूसारखे करकरत. यावर मास्तरांना एकच उपाय ठाऊक होता: अधिक चालणे. पहाटे नदीकाठच्या रस्त्याने दूरच्या पुलापर्यंत जायचे, परतल्यावर उठाबशा काढायच्या, आणि कळ आली की दात आवळून आणखी काढायच्या. मैदानावर जो मुलगा पाय दुखतो म्हणून रांगेबाहेर बसे, त्याला त्यांनी कधी बसू दिले नव्हते. मग स्वतःला कसे बसू देणार?

एके दिवशी लेकीने त्यांना जिन्यात पाहिले. दोन्ही हातांनी कठडा धरून ते खेकड्यासारखे आडवे उतरत होते.

"बाबा, हे असं किती दिवस चालवणार?"

"चालतोय तोवर चालवायचं."

"आणि आईला घेऊन पडलात तर? टेकडीवरचं शुश्रूषागृह चांगलं आहे. मी बघून आलेय. माणसं प्रेमळ आहेत."

"तुझी आई काही सामान नाही, कुठेतरी नेऊन ठेवायला."

आतून, खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "सामानच आहे मी. पण ह्या हमालाची मला सवय झालीय."

लेक हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. शेवटी असे ठरले, की व्यायामोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी मास्तरांना तपासावे. त्या म्हणतील तेच प्रमाण. त्या हो म्हणाल्या तर आई घरी. नाही म्हणाल्या तर टेकडीवर.

मास्तरांनी त्या तपासणीला परीक्षेचे रूप दिले, आणि परीक्षेत उत्तीर्ण होण्यापलीकडे त्यांना काही सुचले नाही. त्या सकाळी ते पुलाकडे गेले नाहीत. गुडघ्यांवर ऊन पाण्याची पिशवी ठेवून बसले. निघण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेतली, आणि दाराशी पोहोचल्यावर मागे येऊन आणखी एक घेतली.

डॉक्टरबाई तरुण होत्या, मृदू बोलत. त्यांनी मास्तरांना हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितले; ते ताठ उठले. चालायला सांगितले, ते छाती काढून चालले. वळताना टाचा जुळवायलाही विसरले नाहीत.

"छान! आता दुखतंय का, काका?"

"मुळीच नाही."

"फिरून आल्यावर दुखतं, आणि ते दुसऱ्या सकाळपर्यंत राहतं, असं काही?"

"छे! संध्याकाळपर्यंत विसरूनही जातो."

त्यांनी समाधानाने मान डोलावली. पायऱ्या चढण्याचा आणि वजन घेऊन वाकण्याचा व्यायाम लिहून दिला, वर एक सूचना केली, "दुखलं की थांबायचं मात्र. थांबणं हाही व्यायामाचाच भाग आहे."

"अर्थात," मास्तर म्हणाले. ती सूचना दुर्बळांसाठी असते, हे त्यांनी मनात केव्हाच ठरवून टाकले होते.

घरी आल्यावर त्यांनी वार्ता सांगितली, तेव्हा पत्नीने त्यांचा चेहरा निरखून पाहिला.

"खरं सांगितलंत ना त्यांना सगळं?"

"म्हणजे काय!"

"नाही, तुमचा चेहरा बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झालाय. म्हणून विचारलं."

पुढचे काही आठवडे मास्तरांनी तो व्यायाम निष्ठेने केला. सांगितल्याहून अधिकच केला. उजवा गुडघा प्रथम ऊन लागू लागला, मग फुगला. त्यांनी वरून घट्ट पट्टी गुंडाळली आणि सैल पायजमा घातला. गोळ्या आता न्याहारीआधीच सुरू होऊ लागल्या. देह आपल्याला हाका मारून सावध करीत होता, हे त्यांना ऐकू येत नव्हते असे नाही. आयुष्यभर त्यांनी आज्ञा दिल्या होत्या, त्यामुळे देहाचीही एखादी आज्ञा असू शकते, एवढे मात्र त्यांच्या ध्यानी आले नाही.

त्या सकाळी त्यांनी हात धुतले, पावले रोवली, "एक" म्हटले, "दोन" म्हटले. तिने थट्टा केली नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम पाहून ती म्हणाली, "अहो, आज राहू द्या. पडून राहते मी."

"तीन म्हण."

"ऐका माझं."

"म्हण गं!"

तिने म्हटले. मास्तर उठले, आणि उजवा गुडघा मोडक्या बिजागरीसारखा आडवा गेला. दोघेही फरशीवर कोसळले. मग तिच्या तोंडून शब्द आले, "मास्तर, रांग मोडली हो." ती हसू पाहत होती, पण दुखावलेले उजवे मनगट छातीशी धरायला तिचा डावा हात उठतच नव्हता. हाड मोडले होते. जो एक हात तिला उरला होता, तोच.

खालचे शेजारी आवाज ऐकून वर आले, लेक धावत आली, आणि त्यानंतर कोणी कोणाला काही विचारले नाही. टेकडीवर खोली मिळाली.

डॉक्टरबाईंनी गुडघा तपासला तेव्हा त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मास्तरांना बरे वाटले असते.

"काका, तुमचं दुखणं हेच माझं माप होतं. तुम्ही मापच लपवलंत. खरं सांगितलं असतंत, तर आपण बसल्या बसल्या करायचे व्यायाम घेतले असते, काठी दिली असती, उचलायला दुसरं कोणी शोधलं असतं. कदाचित त्या घरीच राहिल्या असत्या."

"आता?"

"आता खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, हळू खाली आणायचा. थोडं चालायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. झिजलंय ते परत येणार नाही. आहे ते टिकवू."

मास्तर आता थांबायला शिकले आहेत. टेकडीच्या चढावर एक बाक आहे. त्याच्यापर्यंत ते काठीने जातात, कळ उमटायच्या आतच बसतात, आणि श्वास जागेवर आला की पुढे निघतात. अत्यंत शिस्तीने, एकही पाऊल जास्त न टाकता. जे घर राखण्यासाठी हे शिकायला हवे होते, ते घर आता दिवसभर बंद असते.

आज ते पोहोचले तेव्हा परिचारिका तिला खुर्चीत बसवण्याच्या तयारीत होती. कापडी झोळीचे यंत्र पलंगाशी आणलेले होते. मास्तर दाराशी काठीवर टेकून उभे राहिले आणि सवयीने पुटपुटले, "एक."

तिने मान वळवून पाहिले. डोळ्यांत जुनी चमक येऊ लागली.

"दोन," ते म्हणाले.

तिचे ओठ विलग झाले. परिचारिकेने कळ दाबली. यंत्र गुरगुरले, झोळी अलगद वर गेली, आणि तिला शब्द उच्चारता येण्यापूर्वीच ती खुर्चीत बसलेली होती.

"झालं बघा आजी, कळलंसुद्धा नाही!" परिचारिका प्रेमाने म्हणाली.

तिने ओठ मिटून घेतले. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. ती वळवावी म्हणून मास्तर पुढे झाले. पण गुडघ्यात कळ उमटली, आणि शिकवल्याप्रमाणे ते थांबले.