जाकिटातली मोजणी

मोजणीबाईच्या घरी जेवणाच्या टेबलावर तीन माणसं बसत, आणि त्यांतली दोन गेल्या दोन आठवड्यांपासून एकमेकांशी बोलत नव्हती. एक तिचे वडील. अठ्ठावीस वर्षं शहराची बस चालवत होते. दुसरा तिचा नवरा, कुलुपवाला. किल्ली आत विसरून दार ओढून घेणारी माणसं शहरात पुष्कळ होती आणि त्यांच्या जिवावर त्याचं बरं चाललं होतं. मोटारसायकलच्या मागे हत्यारांची पेटी बांधायची आणि वीस मिनिटांत गिऱ्हाइकाच्या दारात हजर व्हायचं. एकविसाव्या मिनिटाला गिऱ्हाईक खिडकीतून आत चढलेलं असे आणि वर याच्यावरच डाफरत असे.

भांडणाचं कारण रस्त्यावर होतं. शहराने चार आठवडे प्रयोग म्हणून मोटारसायकलींना बसच्या लेनमधून जायची परवानगी दिली होती.

"तुझ्या नवऱ्याला सांग," वडील समोर बसलेल्या जावयाकडे न बघता म्हणत, "मोटारसायकल आरशात दिसते तेव्हा ती तिथे नसतेच. ती दुसऱ्या आरशात गेलेली असते. एक दिवस माझ्या चाकाखाली कोणीतरी येईल, मग मी जन्मभर झोपणार नाही."

"बाबांना सांग," नवरा पाण्याच्या तांब्याशी बोलावं तसं म्हणे, "दोन ट्रकच्या मधे मी रोज पापडासारखा चेपला जातो, त्याची झोप कोणाला येते?"

"तांब्या इकडे द्या म्हणावं."

"घ्या म्हणावं."

मोजणीबाई तांब्या सरकवी. दोघांचंही म्हणणं तिला पटत होतं, म्हणून ती कोणाचीच बाजू घेत नसे. आणि दुसरं असं, की प्रयोगाची मोजणी तिच्याकडेच होती. ती शास्त्र शिकली होती आणि वाहतूक खात्यात तिला मोजायचं काम मिळालं होतं. ते काम तिला आवडे. सकाळी आठ ते दहा, मोठ्या चौकात, घडीच्या खुर्चीवर. डाव्या हातातलं टिकटिक यंत्र बसच्या लेनमधल्या मोटारसायकलींसाठी, उजव्या हातातलं बाकीच्यांसाठी. मांडीवर थांबघड्याळ: बसने चौकातली पांढरी रेघ ओलांडली की सुरू, थांब्याच्या खांबाशी पोचली की बंद. अंगात खात्याचं झगझगीत पिवळं जाकीट. नियमावलीतला सातवा नियमच होता की मोजणाऱ्याच्या अंगावर जाकीट हवं. चौकातल्या लोकांनी तिचं नाव मोजणीबाई पाडलं होतं, तेच पुढे ऑफिसात आणि मग घरातही चिकटलं.

दोन आठवड्यांचे आकडे घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तासाला सहा?"

"सहा."

"लेनमधून तासाला फक्त सहा मोटारसायकली? आणि बसला किती वेळ लागतो?"

"चौऱ्याहत्तर सेकंद. प्रयोगाआधीही चौऱ्याहत्तरच होते."

"वा!" साहेब खूश झाले. "म्हणजे कोणाला ती लेन नकोच आहे. सहा जणांसाठी कशाला एवढा खटाटोप? शेवटच्या शनिवारी पक्का अहवाल द्या. सोमवारी सभेपुढे ठेवतो आणि लगेच काँक्रीटचा कठडा घालून लेन कायमची वेगळी करून टाकू. खाली सही तुमची. मोजणी तुमची आहे ना!"

आकडे स्वच्छ होते. तरी मोजणीबाईला ते खटकत होते. इतके स्वच्छ आकडे तिने कॉलेजात फक्त दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेल्या प्रयोगांत पाहिले होते.

संध्याकाळी जेवताना तिने ते सांगितलं, आणि नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"सहा? अगं, आमच्या फोनवरच्या गटातच दोनशे जण आहेत! रोज सगळे लेनमधून येतो!"

"माझ्या चौकात नाही येत."

"तुझ्या चौकात कसे येऊ? तिथे तू असतेस!"

"म्हणजे?"

"म्हणजे ते जाकीट. दंड करणारे घालतात त्याच रंगाचं. आज परवानगी आणि उद्या पावती, असं किती वेळा झालंय. मागच्या सिग्नललाच एकमेकांना खूण करतो आम्ही, बाई बसल्यात, बाहेर पडा. चौक ओलांडला की परत लेनमध्ये."

"तूसुद्धा?"

नवऱ्याने तांब्या ओढून भांड्यात पाणी ओतून घेतलं.

"अरे, तू माझा नवरा आहेस. मी दंड करत नाही, हे तुला माहीत आहे. सकाळी ते जाकीट दोरीवरून काढून तूच माझ्या हातात देतोस!"

"माहीत आहे गं," तो ओशाळून म्हणाला. "पण पिवळं दिसलं की हात आपोआप वळतो."

वडील खो खो हसले. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच. मोजणीबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"बाबा, तुम्ही माझ्या चौकातून कसे जाता?"

"मी? नियमाने जातो."

"आणि दुसऱ्या चौकातून?"

"तिथूनही नियमानेच," ते म्हणाले, पण पाण्याचा घोट जरा लांबवून.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मोजणी संपल्यावर ती खुर्ची घडी करून कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंच्या दुकानात गेली. शिंपीणबाईंच्या यंत्रासमोरच खिडकी होती आणि पंचवीस वर्षांत तिच्यातून त्यांची नजर चुकवून काही गेलं नव्हतं.

"मी नसताना इथे काय असतं हो?"

"तुम्ही असता तेव्हा शाळेतली रांग," तोंडातल्या टाचण्या न काढता शिंपीणबाई म्हणाल्या. "तुम्ही उठलात की सुटी झालेली शाळा. बसवाले तर तुम्हाला बघून असे चालवतात, जशी काय आत काचेची भांडी ठेवलीत. म्हाताऱ्यांना हात देऊन चढवतात! परवा एकाने उतरून थांबा पुसला."

"पुसला?"

"फडक्याने. टोपीवाला, उंच, पांढऱ्या मिशा."

टोपी घालणारा, उंच, पांढऱ्या मिशांचा चालक त्या मार्गावर एकच होता, आणि तो रोज तिच्या समोर बसून जेवत होता.

मोजणीबाईने उरलेले दोन आठवडे काय करायचं ते कागदावर मांडलं. एक दिवस जाकीट घालून खुर्चीवर, एक दिवस शिंपीणबाईंच्या खिडकीत. पुन्हा खुर्ची, पुन्हा खिडकी. वार बदलून, म्हणजे सोमवारची गर्दी एकाच बाजूला पडायला नको. घरी तिने अवाक्षर काढलं नाही. खिडकीच्या दिवशीही सकाळी जाकीट चढवूनच ती बाहेर पडे. खिडकीच्या पहिल्याच दिवशी डाव्या हातातलं यंत्र इतकं वाजलं की शिंपीणबाई म्हणाल्या, "माझ्या यंत्रापेक्षा तुमचं जोरात चालतंय."

तासाला दोनशे एकतीस.

आणि बस? मोजणीबाईने थांबघड्याळ दोनदा तपासलं, कारण तिला वाटलं ते बिघडलं आहे. ज्या बसच्या पुढे मोटारसायकली होत्या ती एकोणपन्नास सेकंदांत जात होती. ज्या बसच्या पुढे नव्हत्या ती पंचेचाळीस सेकंदांत. दुसऱ्या दिवशी ती जाकीट घालून खुर्चीवर बसली, आणि लेन रिकामी असूनही बस पुन्हा चौऱ्याहत्तर सेकंदांवर. दोन आठवडे असंच. खिडकीत बसली की पंचेचाळीस नाहीतर एकोणपन्नास, खुर्चीवर बसली की चौऱ्याहत्तर.

शुक्रवारी तिने वजाबाकी केली. मोटारसायकलींमुळे बसला होणारा उशीर, चार सेकंद. मोजणीबाईमुळे होणारा उशीर, एकोणतीस सेकंद.

शनिवारी साहेबांनी अहवाल वाचला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पुन्हा वाचला.

"हे काय आहे?"

"आकडे आहेत, साहेब."

"सभेला मी असं कळवू, की बसचा खोळंबा आपलं खातं करतंय?"

"तुम्ही कशाला? खाली नाव माझं आहे."

"पण ही मोजणी धरताच येणार नाही!" साहेबांना एकदम आधार सापडला. "सातवा नियम! मोजणाऱ्याच्या अंगावर जाकीट हवं!"

"अंगावर होतं, साहेब."

"खिडकीत?"

"खिडकीतही. वरून कोट होता."

साहेबांनी नियमावली काढली, सातव्या नियमावर बोट ठेवलं आणि पानाच्या मागे उरलेला नियम असेल या आशेने पान उलटलं. जाकीट सगळ्यांत वर असावं, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

"बाई," ते जरा मऊ झाले, "जुनेच आकडे राहू द्या की. स्वच्छ आहेत. घरात तुमचे वडील बसवाले, म्हणजे तुम्हालाही बरंच."

"घरात नवरा मोटारसायकलवाला आहे. म्हणून तर कोणाच्याच बऱ्यासाठी मोजता येत नाही," ती म्हणाली. "सहा हा आकडा माझ्या जाकिटाचा आहे. त्यावर काँक्रीट ओतलं, तर ते चुकीच्या जागी पडेल, आणि खाली माझं नाव असेल. ती सही मी करणार नाही. या अहवालावर करते. एवढं मात्र मीच लिहिलंय पाहा, शेवटच्या पानावर. महिन्याभरात अपघात शून्य झाले, पण एका महिन्याच्या शून्यावरून लेन सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. त्याला जास्त दिवस मोजावं लागेल."

"जास्त दिवस?" साहेबांचा चेहरा उजळला. निर्णय पुढे ढकलायला आकड्यांचाच आधार मिळावा, असं भाग्य खात्याला क्वचितच लाभतं. "किती?"

"तीन महिने. जाकीट न दिसता. आणि मी कुठे बसणार ते कोणालाही न सांगता."

सोमवारी सभेने तसंच ठरवलं. कठडा थांबला.

संध्याकाळी तिने दोघांपुढे आकडे ठेवले. नवऱ्याने चारवर बोट ठेवलं आणि टेबलावर थाप मारली. "चार! चार सेकंदांसाठी मी पापड होत होतो!"

वडिलांचं लक्ष चारकडे नव्हतं. "एकोणतीस हे सगळ्या बसवाल्यांचं मिळून?"

"सरासरी आहे, बाबा."

"माझे किती?"

"राहू द्या ना."

"मोजलेस ना? मग सांग."

"बावन्न."

वडील टोपी काढून तिच्या आत बघत राहिले. नवऱ्याने हसू दाबायला तोंडात मोठा घास घातला.

"पोर उन्हात बसलेली दिसायची," वडील शेवटी म्हणाले. "वाटायचं, हिच्या कागदावर माझी बस तरी नीट दिसावी. बावन्न म्हणजे जरा जास्तच झाले."

"थांबासुद्धा पुसलात."

"घाण होता."

नवऱ्याचा घास खाली उतरला. "बाबा," तो थेट त्यांच्याकडे बघून म्हणाला, "माझंही काही वेगळं नाही. मी तर तिला बघून पळत होतो."

"ते ऐकलंय मी, जावईबापू." मग वडिलांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला, जणू लेक समोर नव्हतीच. "आता ही कुठे बसेल? खिडकीचं बिंग फुटलंच. दवाखान्याची गच्ची?"

"गच्चीवरून बसचा थांबा दिसत नाही. पेट्रोल पंपाची केबिन असेल. मी दोन दिवस नजर ठेवतो, तुम्हाला फोन करतो."

"गाडीवर असताना मी फोन घेत नाही."

"मग हॉर्न देतो. दोन छोटे, एक मोठा."

"अहो!" मोजणीबाई म्हणाली. "कुठेही बसले तरी तुम्हाला काय करायचंय? मी नसताना जसे जाता, तसे जा. एवढंच हवंय मला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे कसे?" दोघं एकदमच म्हणाले.