कौसल्येच्या तासांसाठी सात नंबरचा अर्ज

मक्याला चार तास, कांद्याला तीन.

बेडकाच्या हृदयाला कप्पे तीन.

सात पन्नासची एस.टी. आठ वीसला येते. आपण आठ वीसला गेलो, की सात पन्नासला येऊन गेलेली असते.

जर्सी गाय दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही.

इंदापूरची पोरगी, बारावी पास, फोटो नाही.

हे सगळं काटेवाडीच्या कौसल्येच्या एकाच आठवड्यात कोंबलेलं. साल त्र्याण्णव. बारामतीच्या कॉलेजात एस.वाय. बी.एस्सी. झूऑलॉजीच्या जर्नलात अठरा आकृत्या बाकी. शनिवारी एकपर्यंत मॅडमची सही नाही, तर प्रॅक्टिकलला बसणं नाही.

सोमवारी ती वडिलांना म्हणाली, "आबा, वेळच पुरत न्हाय."

आबाजी कालव्यावर पाटकरी. कुणाच्या रानाला किती तास पाणी, हे सांगण्यात हयात गेलेली.

"पाणी तरी कुणाला पुरतंय? आधी टेलचं, कालव्याच्या शेवटाचं रान भिजवायचं. सगळ्यात मागं काय पडलंय?"

"बेडूक."

"मग बेडकाला पैलं पाणी."

रोज संध्याकाळी चार ते आठ जर्नलाचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, असं ठरलं. त्या वेळात कौसल्या कुणाला हवी असेल, तर पाण्यासाठी भरतात तो सात नंबरचा अर्ज भरायचा. कोरे अर्ज दारामागच्या खिळ्याला, शेरा आबाजींचा.

अर्जदार: दत्तोबा, चुलता.
पीक: मुलासाठी इंदापूरला मुलगी बघणे.
मागणी: एक दिवस.
शेरा: रान हद्दीबाहेर. नामंजूर.

अर्जदार: गोजरबाई, आई.
पीक: गाईची धार.
मागणी: रोज अर्धा तास.
शेरा: गाईने समजून घ्यावे. नामंजूर.

रात्री आबाजींच्या ताटात कोरा अर्ज.

"ह्ये काय?"

"भाकरीचा अर्ज," गोजरबाई म्हणाल्या. "पीक बाजरी लिवा."

त्यांनी लिहिला. एक भाकरी मिळाली.

"मागणी दोनची हाय."

"टेलला कमीच पोचतं."

गुरुवारी पाच वाजता आबाजी अचानक तपासणीला आले. कौसल्या बेडकाला दत्तोबाकाकांच्या मिशा काढत होती.

"व्हय गं, ही पाणीचोरी न्हाय का?" त्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं. "आन् त्येच्या मिशा जाड हायत."

शुक्रवारी सहा आकृत्या उरल्या. त्याच दिवशी निरोप आला, उद्या पाटबंधाऱ्याचे साहेब पाणीवाटपाचं रजिस्टर बघणार. ते रजिस्टर दर वेळी कौसल्याच लिहायची. आबाजी दारात घुटमळले.

"कौसे, तासभर..."

गोजरबाईंनी खिळ्यावरचा अर्ज काढून त्यांच्या हातात दिला.

आबाजींनी तो उभ्यानं भरला. मग खुर्चीत बसून, साहेबासारखा लांब धरून, पुन्हा वाचला. खाली शेरा लिहिला: अर्जदार ऐनवेळी जागा झाला. नामंजूर.

मग रजिस्टर घेऊन ते तिच्यासमोर बसले. तिनं बेडकाचं मूत्रपिंड काढलं, त्यांनी सोपानरावांच्या रानाचे पाच तास.

"कौसे, क्षेत्रातला क्ष कसा..."

"बोलू नगा आबा. माझं आवर्तन चालू हाय."

शनिवारी पाऊणला मॅडमनी सही केली. आधी मिशा खोडल्या. तिकडं कालव्यावर साहेबांनी रजिस्टर उलटं धरलं, सुलटं धरलं.

"आबाजी, हे कुणी लिहिलं?"

"मीच की, साहेब."

आदल्या वर्षी कौसल्येचा कॉलेजचा प्रवेशअर्ज आबाजींनी भरला होता. विषयाच्या रकान्यात त्यांनी ऊस लिहिला होता.