गंगुबाईंचा डावा कान

डॉक्टर अनुजांनी स्वरूपच्या कपाळावरची पांढरी बट बोटाने बाजूला केली आणि त्याच्या निळ्याशार डोळ्यांत टॉर्च मारला. दीड वर्षाचा स्वरूप उजेडाकडे बघून हसला. सहायिकेने त्याच्या पाठीमागे खुळखुळा वाजवला, तेव्हा मात्र त्याची मान वळली नाही.

"घरात आणखी कुणाचे केस लवकर पिकलेत? कुणाला कमी ऐकू येतं?" डॉक्टरांनी विचारलं.

स्वरूपच्या वडिलांनी, हितेंद्रने, नाही म्हणून सांगून टाकलं. तो कॉलेजात असल्यापासून केस रंगवत होता, हे शेफालीला ठाऊक होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तसा तो पायातली चप्पल चाळवू लागला.

तिची सासू, गंगुबाई, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. लालबागला त्यांचं मसाल्याचं दुकान होतं. नातवाला ऐकू येत नाही हे कळल्यापासून, शेफाली गरोदरपणी ग्रहणात गॅलरीत उभी राहिली होती, असं त्यांनी चाळभर सांगितलं होतं. आता त्यांनी डोक्यावरचा पदर मागे घेतला. मेंदीने तांबूस झालेल्या केसांतली भांगाजवळची बट त्यांनी पुढे ओढून धरली. मुळाशी ती पांढरीशुभ्र होती.

"ही माजी जल्मापासूनची," त्या म्हणाल्या.

हितेंद्रनेही मग आपल्या केसांचं सांगून टाकलं. ऐकू मात्र मला चांगलं येतं, असं गंगुबाईंनी बजावलं. तरी डॉक्टरांनी त्यांना तपासणीला पाठवलं.

काचेच्या खोलीत सलोनी नावाच्या मुलीने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. उजव्या कानाच्या वेळी गंगुबाई मन लावून बटण दाबत होत्या. डाव्याच्या वेळी त्यांचं बोट बटणावर नुसतं टेकून राहिलं. सलोनी आवाज वाढवत गेली. काचेपलीकडून शेफाली ते बोट बघत होती.

"तुमचां मशीन बंद पडलां," शेवटी गंगुबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी समजावलं. याला वार्डेनबर्ग सिंड्रोम म्हणतात, तो रक्तातून येतो. एखाद्याच्या नुसत्या केसांत दिसतो, कुणाचा एक कान जातो, कुणाचे दोन्ही. कुणी काही केल्याने होत नाही. स्वरूपची कानाची नस चांगली असेल, तर कॉक्लियर इम्प्लांटने, म्हणजे कानात बसवायच्या यंत्राने, त्याला ऐकू येऊ शकेल. गंगुबाई हे उजवा कान पुढे करून ऐकत होत्या. त्या नेहमीच तशा ऐकत. शेफालीला तो त्यांचा तोरा वाटायचा.

"माका वाटलां, सगळ्यांका एकाच कानान आयकाक येता," त्या पुटपुटल्या.

परळच्या हॉस्पिटलातून ती सगळी टॅक्सीने घरी निघाली. गंगुबाई आता ग्रहणाचं काही बोलतील असं शेफालीला वाटलं. त्यांनी वेगळंच विचारलं.

"दोनय कानांनी आयकलां की आवाज दोनदा येता काय गो?"

 शेफालीने एका कानात बोट घालून पाहिलं, काढलं, पुन्हा घातलं. गंगुबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

नस चांगली निघाली. स्वरूपच्या उजव्या कानात इम्प्लांट बसवलं. मशीन सुरू केलं त्या दिवशी तो घाबरून रडला. पुढे काही महिन्यांत तो कुकरची शिट्टी झाली की हसू लागला, हाक मारली की थबकू लागला.

एका दुपारी गंगुबाई त्याला आपल्याकडे पाठ करून मांडीवर बसवून भरवत होत्या. त्यांच्या डाव्या हाताला मोरीपाशी शेफाली भांडी घासत होती. तिच्या हातून ताट निसटलं आणि फरशीवर खणखणत फिरलं. आजी आणि नातू, दोघांनी एकदमच मान वळवली. उजवीकडे, ऐकणाऱ्या कानाच्या बाजूला, खिडकीकडे.

"खंय पडलां रे?" गंगुबाईंनी विचारलं.

स्वरूपने खिडकीकडे बोट केलं.

"होय, माकाय थंयसूनच आयकाक इलां."

दोघं खिडकीबाहेर बघत राहिली. शेफालीने ताट अलगद उचललं, आणि आवाज होऊ न देता बाजूला ठेवलं.