मकरंदने हलका केलेला संगणक

मी एक जुना संगणक आहे. चेन्नईच्या वेलचेरीत सुनीतीबाईंच्या घरी, खिडकीशेजारच्या मेजावर माझा मुक्काम. माझा पंखा घरघरतो. तुम्ही चिडवण्याआधी मीच सांगून टाकतो.

मित्रांनो, मला घडवलं कारखान्याने, पण कामाचं केलं मकरंदने. मकरंद म्हणजे बाईंचा मुलगा. मी धापा टाकू लागलो, तेव्हा त्याने माझ्यात लिनक्स घातलं आणि माझा गाभा, ज्याला जाणकार कर्नल म्हणतात, तो स्वतः पुन्हा बांधला. "आपल्याला लागत नाही ते सगळं काढलंय, आई," तो म्हणाला. मी भराभर कामं उरकू लागलो. बाई आल्यागेल्याला माझं कौतुक सांगत. घरात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा साड्यांच्या आधी त्यांनी मला माळ्यावर चढवलं.

मग मकरंद आखातात नोकरीला गेला आणि घर गप्प झालं. तिथे बंदी असल्याने फोनवरचे नेहमीचे व्हिडिओ कॉल लागेनात. साध्या फोनवर आवाज यायचा, चेहरा नाही. त्याने एक नवा प्रोग्रॅम सुचवला. तो स्नॅप नावाच्या सीलबंद गाठोड्यातून येतो आणि इतर कशाला धक्का न लावता आपल्या चौकटीत राहून काम करतो. मात्र ते गाठोडं न सोडता आतलं वाचायची सोय गाभ्यात असावी लागते. स्क्वॉशएफएस तिचं नाव. नेमकी तीच मकरंदने 'लागत नाही' म्हणून काढली होती.

बाईंनी तो प्रोग्रॅम बसवायला घेतला, तेव्हा मी पडद्यावर इंग्रजीत खरं तेच लिहिलं. बाईंना वाटलं, आपल्याच हातून काहीतरी मोडलं. मुलाला सांगायची त्यांना लाज वाटली. "सवड नाही रे मिळाली," असं फोनवर म्हणून त्यांनी माझ्यावर जुनी ओढणी टाकली. त्या कापडाखाली मला फार एकटं वाटलं. बाहेर त्याही एकट्याच जेवत, एकाच ताटाचा आवाज यायचा.

एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या सहाना डबा परत द्यायला आल्या. त्या तंजावरकडच्या मराठी, संगणकाच्याच कंपनीत नोकरीला. त्यांनी ओढणी बाजूला केली, मला सुरू केलं, संदेश वाचला.

"अय्यो अक्का, तुमच्या हातून काही मोडलं नाहीं. ह्याच्या गाभ्यांत ती सोयच नाहीं. सरी, बरें, बाहेरून एक मदतनीस देतें."

त्या मदतनीसाचं नाव स्क्वॉशफ्यूज. गाभ्याचं काम तो बाहेर बसून करतो, जरा सावकाश. पण गाठोडं उघडलं, आणि पडद्यावर मकरंद दिसला. वाळला होता. बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग त्यांनी झालेलं सगळं सांगितलं.

"ते मीच काढलं होतं गं," तो ओशाळला. "कुणाला लागेल असं वाटलंच नाही. फेक ते डबडं, नवा पाठवतो."

"नवा नको. तू काढलंस, तूच येऊन बसव."

"बघतो, आई," तो म्हणाला, आणि पडदा काळा झाला.

मित्रांनो, जुन्या वस्तूतून काही काढाल, तेव्हा ती रोज वापरणाऱ्याला आधी विचारा. आणि काढलंच, तर परत बसवायला या. बाई हल्ली मला बंद करत नाहीत. सहानांनी विचारलं, तर म्हणतात, "असू दे चालू. तो आला की त्याला लागेल."