खोके उघडायचे नाहीत

ग्लेंडाने नियम एकच केला होता: खोके उघडायचे नाहीत. जसे आहेत तसे उचलायचे, गाडीत टाकायचे आणि बाजारात विकून मोकळं व्हायचं. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. क्लिफने खोका उघडला की त्याच्यासमोर स्टूल ओढून बसणार, एकेक वस्तू हातात घेऊन कुरवाळणार, "अगं, हे बघ काय सापडलं" म्हणणार, आणि संध्याकाळी खोका जागच्या जागी.

हे सगळं त्याचंच कर्तृत्व होतं. दर रविवारी पहाटे हा माणूस बार्करच्या कुरणावरच्या डिकीबाजाराला जायचा. लोक घरातली अडगळ गाडीच्या डिकीत भरून तिथे आणायचे आणि क्लिफ ती आपल्या घरी आणायचा. एकाच बाजूने पाव भाजणारा टोस्टर, गोल्फचे दांडे (गोल्फ तो जन्मात खेळला नव्हता), चौथ्या पायाची वाट बघत बसलेलं तीन पायांचं स्टूल. सगळं भरलेलं केळ्यांच्या खोक्यांत. सुपरमार्केटच्या मागच्या दारी फुकट मिळतात ना, दोन्हीकडे हात घालायला भोकं असलेले, तेच. घराची समोरची खोली या खोक्यांनी अशी भरली होती की दार अर्धंच उघडायचं आणि आत शिरायचं तर पोट आवळून तिरकं व्हावं लागायचं.

आणि आता तीच खोली हवी होती. ग्लेंडाचा थोरला भाऊ नॉर्मन मार्चमध्ये पडला, खुब्याचं हाड मोडलं. त्याला जिना चढायला मनाई होती. मंगळवारी हॉस्पिटलची माणसं पलंग आणून लावणार होती, बुधवारी नॉर्मन येणार होता. खोली तयार नसेल तर त्याला वृद्धाश्रमात पाठवू, असं तिथल्या बाईने गोड आवाजात सांगितलं होतं. नॉर्मनचं घर केव्हाच सोडून दिलेलं. त्याचं सामानही याच खोलीत येऊन पडलं होतं, तात्पुरतं म्हणून.

नॉर्मनने मागून काय मागितलं, तर एक घड्याळ. "बाबांचं घड्याळ तेवढं खिडकीत ठेव ग्लेन," तो म्हणाला होता. "बाकी मला काही नको."

कबुतरांच्या शर्यतीचं घड्याळ होतं ते. लाकडी पेटी, वर पितळी कडी. शर्यतीचं कबूतर खुराड्यात परत आलं की त्याच्या पायातलं रबरी वळं काढून पेटीत टाकायचं, दांडा फिरवायचा, की आतल्या कागदावर वेळ उमटायची. बाबा गेल्यावर नॉर्मनने कबुतरं सांभाळली, कबुतरं गेल्यावर घड्याळ सांभाळलं. लग्न नाही, मूल नाही. माणसाचं सगळं आयुष्य त्या पेटीत होतं म्हणायला हरकत नाही. ठेवते म्हणून ग्लेंडाने त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला होता.

शनिवारी संध्याकाळी गाडी भरताना क्लिफने दोनदा म्हणून पाहिलं, "एकदा आत काय आहे ते बघून घेऊ या का?"

"खबरदार, झाकणाला हात लावलास तर. वीस वर्षं बघतोयस, अजून मन भरलं नाही?"

"तसं नाही गं. सगळे खोके सारखेच दिसतात, म्हणून म्हटलं."

"तू फक्त उचल. बाकीचं मी बघते."

तो उचलत राहिला.

रविवारी अंधारातच ते कुरणावर पोचले. फाटकाशीच एकाने गवत कापायचं यंत्र टेकवून ठेवलं होतं. क्लिफची मान तिकडे वळली ती वळलीच.

"नाही," ग्लेंडा म्हणाली.

"चालू करायची दोरी गेलीये फक्त."

"क्लिफ, आपण विकायला आलोय."

गाडी उभी राहते न राहते तोच बॅटऱ्या लावलेली माणसं चहूबाजूंनी आली. धंदेवाले. उजाडायच्या आत नवख्यांच्या डिकीत हात घालायचे, पाउंडाला घ्यायचं आणि दोन रांगा पलीकडे जाऊन दहाला विकायचं, हा त्यांचा नेम. ग्लेंडाने डिकी उघडली आणि तिच्या आधी चार हात आत गेले. सोनंनाणं आहे का, जुनी खेळणी, लष्करी बिल्ले आहेत का? अहो, जरा टेबल तरी मांडू द्या. पण ऐकतंय कोण? क्लिफ वॉलपेपरला खळ लावायचं ते घडीचं टेबल उलगडण्यात गुंतला होता, त्याचा पाय कायम अडकायचा तसा आजही अडकला होता.

कपाळाला बॅटरी बांधलेल्या शॉन नावाच्या एका लांबड्या माणसाने एक खोका बाहेर ओढलाच. "याचे किती, राणी?" तो बायाबापड्यांना सरसकट राणी म्हणायचा.

"त्यात काय आहे ते मलाही माहीत नाही."

"मग मलाही नाही. न उघडता पाच पाउंड. बोल."

पाच पाउंड. एक खोका कायमचा कमी. ग्लेंडाच्या जिवाला इतकं हलकं वाटलं की तिने झटकन हात पुढे केला. शॉनने तो हातात घेऊन एकदा हलवला. या कुरणावर हात हलला की व्यवहार पक्का. मग रडलं तरी उपयोग नाही. खोका अंधारात गेला. क्लिफ टेबलाखालून म्हणाला, "काय गेलं गं?" ती म्हणाली, "एक पीडा."

उजाडलं, आणि विक्रीची जी रडकथा सुरू झाली ती विचारू नका. गिऱ्हाईक टोस्टर उचलायचं की क्लिफ सांगायचा, "एकच बाजू भाजते हं." गोल्फच्या दांड्यांना एकाने दहा पाउंड म्हटलं, तर हा म्हणे पंधराच्या खाली परवडत नाही, आणि त्या माणसाची पाठ वळल्यावर म्हणतो, "दहाला द्यायला हवे होते, नाही?" एका बाईने बाहुलीचा चहाचा संच हातात घेतला. तिला क्लिफने तो कुठे मिळाला, कुणाकडून, त्या दिवशी पाऊस कसा होता, हे सगळं इतक्या तपशिलाने सांगितलं की तिने संच खाली ठेवला आणि निघून गेली.

"तू जा," ग्लेंडा दातओठ खात म्हणाली. "चहा घे. बेकनचा पाव खा. काय वाटेल ते कर, पण या टेबलापासून लांब जा."

"तुला आणू का काही?"

"काहीही आणू नकोस. कळलं? काहीही."

तो गेला आणि तासाभरात टेबल अर्धं रिकामं झालं. ग्लेंडाने माल भरायला दुसरा खोका ओढला, झाकण काढलं आणि तिचा हात तिथेच थांबला. वर फिती होत्या. शर्यतीतल्या बक्षिसांच्या लाल-निळ्या फिती. खाली पत्र्याच्या डबीत कबुतरांच्या पायांतली वळी, आणि नॉर्मनची खुराड्यात घालायची भोकाभोकांची टोपी.

नॉर्मनचे खोके. क्लिफच्या खोक्यांत मिसळून गाडीत आले होते. आणि नॉर्मनचे खोके दोनच होते, तिनेच तसल्याच केळ्यांच्या खोक्यांत भरलेले. एकात फिती, दुसऱ्यात घड्याळ.

तिने उरलेले सगळे खोके जमिनीवर पालथे केले. घड्याळ नव्हतं. पाच पाउंडांना गेलेली पीडा कोणती होती ते तिला लख्ख कळलं.

शेजारच्या गाडीवर पॉलीन नावाची बाई कुंड्या विकत होती. तिला टेबलाकडे बघायला सांगून ग्लेंडा पळत सुटली. या वयात, दवाने ओल्या गवतात, कमरेची पैशांची पिशवी सावरत. मनातल्या मनात ती क्लिफला शिव्या घालत होती. याने कचरा आणला नसता तर खोके मिसळले नसते. याने उघडून बघितलं असतं तर... इथवर आल्यावर मात्र शिवी अर्धीच राहायची, कारण बघतो म्हणाला होता तो. दोनदा म्हणाला होता.

शॉन दोन रांगा पलीकडे मांडून बसला होता. "घड्याळ? कबुतरांचं? गेलं की राणी. घरी नेऊन जरा तेलपाणी केलं असतं तर जास्त आले असते, पण पंचेचाळीस आले, वाईट नाही."

"ते विकायचं नव्हतं. माझ्या भावाचं आहे ते."

"हात हलवला की आपण."

"माहितीये मला हात हलवला ते," ग्लेंडा म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "कोण घेऊन गेलं ते सांग."

शॉनला जरा वाईट वाटलं असावं. त्याने बॅटरी कपाळावरून काढली. "एक म्हातारा. चपटी टोपी. बोलून बोलून डोकं खाल्लं माझं."

तिने मान वर करून कुरणाकडे पाहिलं. जिकडे तिकडे म्हातारे, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर चपटी टोपी. हसावं की रडावं तिला कळेना.

तरी ती शोधत राहिली. लोकांच्या पिशव्यांत डोकावली, एकाच्या हातगाडीवरची चादर न विचारता उचलली आणि बोलणी खाल्ली. बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या काचांवर टकटक केली. पेटी बघितलीत का, पितळी कडीची? कुणी मान हलवायचं, कुणी काच वर करायचं. बुधवारी नॉर्मन चाकांच्या खुर्चीतून आत येईल आणि पहिल्यांदा खिडकीकडे बघेल, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे होतं. काय सांगणार त्याला? तुझ्यासाठी जागा करताना तुझंच घड्याळ विकलं म्हणून? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्वतःचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला क्लिफही जवळ नव्हता.

गाडीपाशी परत आली तेव्हा लोक टेबलं आवरायला लागले होते. पॉलीन म्हणाली, "आला बघ तुझा."

क्लिफ रांगेतून येत होता, तोंड भरून हसत. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. ते बघूनच ग्लेंडाच्या डोक्यात तिडीक गेली. काहीही आणू नकोस, इतकं साधं सांगणं याच्या कानात शिरत नाही.

"ओरडायच्या आधी बघ तर खरं," तो म्हणाला. "माझ्या क्लबच्या वर्गणीला ठेवलेले पैसे खर्च केले, पण तूसुद्धा खूश होशील." आणि त्याने टेबलावर कागद सोडला.

लाकडी पेटी. पितळी कडी.

"नॉर्मनसारखंच आहे, नाही?" क्लिफ म्हणाला. "त्याच्याहून चांगल्या अवस्थेतलं. माणूस साठ म्हणत होता, मी पंचेचाळीसवर आणला. हे त्याला खिडकीत ठेवू. आणि त्याचं ते जुनं पुढच्या रविवारी आणून विकून टाकू. बघ, मी विकायचं म्हणतोय. कधी कुठलीच वस्तू सोडत नाही म्हणतेस ना मला?"

ग्लेंडाने पेटी उचलून उलटी केली. तळाला, कोपऱ्यात, खिळ्याने कोरलेलं वाकडंतिकडं एक अक्षर होतं. सहा वर्षांची असताना तिनेच स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर तिथे कोरलं होतं, आणि बाबांनी कान पिळला होता. ती त्या अक्षरावरून अंगठा फिरवत राहिली. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

गप्प बसता आलं असतं. तिच्या मनात तो विचार आला, खोटं कशाला बोला. पण मग पुढच्या रविवारपर्यंत हा ते जुनं घड्याळ शोधत घरातला एकूण एक कोपरा उपसेल.

"जुनं मी विकलं," ती म्हणाली. "पहाटे. न बघता. पाच पाउंडांना."

क्लिफने तिच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. मग हळूहळू मान वळवून दोन रांगा पलीकडे शॉनच्या टेबलाकडे पाहिलं.

"म्हणजे मी आपलंच..."

"हो."

त्याने टोपी काढली, आतून बघितली, परत घातली. ग्लेंडा वाट बघत होती. बोल म्हणावं एकदाचं. मी सांगत होतो म्हण, खोका उघडू या म्हणत होतो म्हण, वीस वर्षांचं सगळं एका दमात वसूल कर. तेवढ्याने तरी तिला सुटल्यासारखं वाटलं असतं.

"नॉर्मनला कळायला नको," तो एवढंच म्हणाला. आणि कुठेतरी निघून गेला.

तिने पेटी स्वेटरच्या बाहीने पुसली. किल्ली दिली. टिकटिक सुरू झाली. उरलेली फुटकळ चीजवस्तू तिने पॉलीनला फुकट देऊन टाकली, नॉर्मनच्या फितींचा खोका पुढच्या सीटवर ठेवला, टेबल घडी घालून डिकीत आडवं ठेवलं. बाकी डिकी रिकामी होती. किती वर्षांनी ती रिकामी दिसत होती.

मागून चाकांची करकर आली. क्लिफ फाटकाजवळचं ते गवत कापायचं यंत्र ओढत आणत होता. गाडीपाशी येऊन थांबला. तिच्याकडे बघत उभा राहिला.

ग्लेंडाने तोंड उघडलं. या क्षणासाठी तिच्याकडे तयार वाक्यं होती, वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेली. एकही वापरता येईना. आजच नाही, यापुढे कधीच वापरता येणार नव्हतं, हे तिला कळून चुकलं. त्यालाही कळलं होतं.

"खोलीत नाही ठेवणार," क्लिफ म्हणाला. "शेडमध्ये. दोरी गेलीये फक्त."

तिने घड्याळ एका काखेत घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने टेबल बाजूला सरकवून त्याला जागा करून दिली.