ताप उतरल्यावरचं रक्त

"ताप उतरला म्हणून घरी पळू नकोस हं. डेंगीची खरी परीक्षा त्यानंतरच असते." लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या थोरल्या बहिणीचे हे शब्द बुनरुआनच्या मनात पक्के बसले होते. म्हणून तापाच्या पाचव्या दिवशी लेकीचं, चाबाचं अंग गार लागलं आणि पोरीने घरी जायचा हट्ट धरला, तरी बुनरुआन इस्पितळातून हलली नाही.

दुपारी अहवाल आला. प्लेटलेट्स बावीस हजारांवर उतरल्या होत्या आणि रक्त घट्ट झालं होतं. डॉक्टरांनी लगेच सलाइन वाढवलं. बुनरुआनने हात जोडले आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे ती मेकाँगकाठच्या विहारातल्या बुद्धांना नव्याण्णव उकडलेल्या अंड्यांचा नवस बोलली.

त्यानंतरच्या तिसऱ्या सकाळी नर्स हसतच आली. "मावशी, प्लेटलेट्स ऐंशी हजार! रक्ताचा घट्टपणाही गेला."

"आई, आता नवसाची नव्याण्णव अंडी? कोंबड्यांना तरी विचारलंस का?" चाबा म्हणाली.

"विचारते हो. तू आधी पेज संपव."

चाबाने वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली आणि तिचा डोळा लागला. बुनरुआनने पांघरूण सारखं केलं, मोठी पिशवी उचलली आणि चपला हातात घेऊन पाय न वाजवता ती अंडी आणायला बाजाराच्या वाटेला लागली.